बँक अडचणीत आली तर आधी कोणाचे पैसे जातात? २००८ च्या संकटानंतरच्या बेमुदत रोख्यांविषयी

प्रश्न: निवृत्त शिक्षिका, फोंडा

नमस्कार. मी सत्तावीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. हिशेब मला येतो, पण बँकांचा कारभार कळतो असा दावा मी करणार नाही. गेल्या महिन्यात यजमानांच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने कपाट आवरताना त्यांची कागदांची पत्र्याची पेटी उघडली. विम्याच्या जुन्या पावत्या, घरपट्टी आणि नारळाच्या पाडणीचा हिशेब लिहिलेली वही यांच्या तळाशी एका बँकेच्या रोख्याचे माहितीपत्रक मिळाले. २०१६ साली निवृत्त झाल्यावर भविष्य निर्वाह निधीच्या रकमेतून त्यांनी दहा लाखांचा हा रोखा घेतला होता. मुदत ठेवीवर तेव्हा सात-साडेसात टक्के व्याज मिळत होते आणि या रोख्यावर नऊ टक्क्यांहून थोडे अधिक. “बँकेचाच आहे, ठेवीसारखाच समजा,” असे अधिकाऱ्याने सांगितल्याचे मला चांगले आठवते, कारण ते बोलणे आमच्याच ओसरीवर झाले होते आणि चहा मीच आणून दिला होता.

पाच वर्षांनी बँकेने स्वतःहून मुद्दल परत केले, व्याजही दर वर्षी नेमाने जमा झाले, तेव्हा माझी तक्रार काहीच नाही. मात्र त्या माहितीपत्रकात, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, यजमानांनी पेन्सिलीने दोन ठिकाणी रेघ ओढली आहे. पहिली रेघ ‘बेमुदत’ या अर्थाच्या शब्दाखाली आहे. दुसरी आहे ती रोख्याचे मुद्दल कायमचे शून्य केले जाऊ शकते, अशा अर्थाच्या वाक्याखाली, आणि तिच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढून नंतर ते रबराने पुसलेले दिसते. त्यांनी याविषयी कोणाला विचारले होते की नाही, हे मला आता कळण्याचा मार्ग नाही.

मुंबईत बँकेत असलेल्या भाच्याला मी फोन केला, तेव्हा तो म्हणाला, “मामी, हे २००८ चे अपत्य आहे.” तो घाईत होता, त्यामुळे पुढचे विचारायचे राहिले. २००८ साली अमेरिकेतल्या बँका कोसळल्या, पण आपल्या बँका सुरक्षित राहिल्या, असे तेव्हा वर्तमानपत्रांतून रोज वाचत होतो. मग तिथल्या संकटातून जन्मलेला कागद फोंड्यातल्या पत्र्याच्या पेटीत कसा आला? आणि त्या पाच वर्षांत ती बँक अडचणीत आली असती, तर आमचे हे दहा लाख त्याच बँकेतल्या मुदत ठेवीच्या आधी गेले असते की नंतर? परत आलेली रक्कम आज बचत खात्यातच पडून आहे. ती कुठे ठेवावी याविषयी घरात निरनिराळी मते आहेत, म्हणून जाणकारांनी जरा सविस्तर समजावून सांगावे, ही विनंती.

उत्तर: निवृत्त बँक अधिकारी, मडगाव

बाई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. बँक बुडाली असती तर आपला रोखा मुदत ठेवीच्या फार आधी गेला असता, आणि बँक प्रत्यक्षात न बुडताही तो जाऊ शकला असता. ‘ठेवीसारखाच समजा’ हे वाक्य चुकीचे होते. मी स्वतः तीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो असल्यामुळे अशी वाक्ये कोणत्या दबावाखाली निघतात ते मला ठाऊक आहे. वरून उद्दिष्ट येते, महिनाअखेर जवळ असते आणि समोर ओळखीचे घर असते. तरीही ते वाक्य चुकीचेच होते.

आता भाच्याच्या विधानाकडे येतो. लीमन ब्रदर्स ही १८५० साली सुरू झालेली न्यूयॉर्कची वित्तसंस्था १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळखोरीत गेली. तिच्या दप्तरी सहाशे अब्ज डॉलरहून अधिक देणी होती आणि स्वतःच्या एका डॉलरमागे तिने तीस डॉलरहून जास्त मालमत्ता उभी केली होती. कोणी शंभर रुपयांची बागायत घेतली आणि त्यात स्वतःचे तीन रुपये घालून बाकी सत्त्याण्णव उसने आणले, तर बागायतीचा भाव चार रुपयांनी उतरताच त्याचे स्वतःचे काही उरत नाही आणि उसने देणाऱ्याचा रुपयाही धोक्यात येतो. अमेरिकेत घरांच्या किमती उतरल्या तेव्हा हेच घडले. फरक इतकाच होता की ती घरकर्जे एकत्र बांधून, त्यांचे तुकडे करून, जगभरच्या बँकांना विकलेली होती, त्यामुळे कोणाच्या पोटात किती नासके आहे हे कोणालाच ठरवता येईना. बँकांनी बँकांना एका रात्रीपुरतेही पैसे देणे थांबवले. माझ्या मते संकटाचा खरा गाभा तोच होता. तोटा सोसता येतो, पण समोरच्याचा तोटा किती हे न कळणे बँकव्यवसायाला सोसत नाही.

लीमनला बुडू दिल्यानंतर दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला वाचवण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने ८५ अब्ज डॉलर उपलब्ध केले, आणि ऑक्टोबरच्या आरंभी ७०० अब्ज डॉलरच्या योजनेला तिथल्या संसदेने मंजुरी दिली. ब्रिटनने रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड बहुतांशी सरकारी मालकीची केली. आता हे ध्यानात घ्यावे की ज्यांनी त्या बँकांना जास्त व्याजाच्या आशेने दीर्घ मुदतीची कर्जे दिली होती, अशा रोखेधारकांपैकी बहुतेकांना पूर्ण पैसे मिळाले, आणि नुकसान भरून काढले ते करदात्याने. लोकांचा संताप उसळला तो यावरच. जास्त व्याज खाताना खासगी आणि नुकसान सोसताना सार्वजनिक, हा न्याय कोणालाच पटणारा नव्हता.

त्यातून २०१० साली बासेल समितीत, म्हणजे देशोदेशींच्या बँक नियामकांच्या मंडळात, बासेल तीन नावाचे नियम ठरले. बँकेचे स्वतःचे भांडवल वाढवणे हा त्यांचा एक भाग होता. दुसरा भाग असा की भागधारकाचे भांडवल आणि ठेवीदाराची ठेव यांच्या मध्ये अशा पैशाचा एक थर उभा करायचा, जो बँक चालू असतानाच, दिवाळखोरीची वाट न पाहता, नुकसान सोसू शकेल. आपल्या पेटीतला रोखा त्या थरातला होता. बँकेच्या भाषेत त्याला ‘अतिरिक्त टियर एक’ म्हणतात. त्याला मुदत नसते. पाच वर्षांनी परत करण्याचा पर्याय असतो, पण तो बँकेच्या हाती असतो, धारकाच्या नव्हे. त्याचे व्याज बँक एखाद्या वर्षी देऊ शकली नाही तर तो कसूर ठरत नाही, आणि ते व्याज पुढच्या वर्षी साचूनही मिळत नाही. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या, गावकाराला हे चटकन कळेल. सारे खर्च भागून काही उरले तर जोण (वर्षाचा वाटा), नाही उरले तर नाही, आणि गेल्या वर्षीची जोण म्हणून भांडताही येत नाही. शिवाय बँकेचे सर्वांत मूळ भांडवल ठरावीक पातळीखाली गेले (आपल्याकडे ती पातळी ६.१२५ टक्के आहे), किंवा बँक आता स्वतःच्या बळावर तग धरू शकत नाही असे रिझर्व्ह बँकेने ठरवले, तर मुद्दल शून्य करता येते. यजमानांनी दुसरी रेघ ओढली आहे ती याच तरतुदीखाली.

भारताला हे नियम कशाला, असा आपल्या प्रश्नाचा रोख आहे. बासेल समितीत भारत २००९ साली सदस्य झाला आणि रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१३ पासून टप्प्याटप्प्याने नियम लागू केले, तेही मूळ नियमांपेक्षा थोडे कडक. मूळ भांडवलाचे किमान प्रमाण बासेलमध्ये साडेचार टक्के आहे, आपल्याकडे साडेपाच. वर अडीच टक्क्यांची राखीव भर धरून एकूण भांडवल साडेअकरा टक्के लागते. सरकारी बँकांची त्यात अडचण अशी की भाग विकून भांडवल वाढवावे तर सरकारचा हिस्सा घटतो, आणि सरकारने दर वर्षी पैसे घालावेत तर अर्थसंकल्पावर भार पडतो. बेमुदत रोखे विकले की मालकी जात नाही आणि भांडवलही मोजले जाते. म्हणून २०१३ नंतर बँकांनी ते भरपूर काढले, आणि मोठ्या गुंतवणूकदारांकडून हात बदलत बदलत त्यांतले काही आपल्यासारख्यांच्या ओसरीपर्यंत आले.

एक आठवण सांगतो. २०१७ सालच्या ऑगस्टमध्ये संसदेत एक विधेयक मांडले गेले. त्यात बँक सावरण्यासाठी तिची देणी कमी करण्याची किंवा भागभांडवलात बदलण्याची, म्हणजे ‘बेल-इन’ची, तरतूद होती. विम्याने संरक्षित ठेवींना त्यातून वगळले होते, पण डिसेंबरपर्यंत मोबाइलवरचा निरोप सर्वांकडे पोहोचला होता आणि त्यात हे वगळणे कुठेच नव्हते. मी तेव्हा केपे तालुक्यातल्या एका शाखेत होतो. मासळी विकणारी एक बाई, पाटी बाहेर पायरीवर ठेवून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “सायबा, म्हजे पयशे शेअर जातले काय कितें?” तिच्या ठेवी चाळीस हजारांच्या होत्या. मी तिला समजावले, तिने मान डोलावली, आणि तरीही ठेव मोडून पैसे घेऊन गेली. त्या महिन्यात अशा किती ठेवी मोडल्या याचा हिशेब मी मनात ठेवला नाही, पण पायरीवरची ती पाटी लक्षात राहिली. ते विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये मागे घेतले गेले.

उत्तर: बार्जमालक, डिचोली

रोख्यांतले मला फारसे कळत नाही. पण वरच्या चर्चेत ‘आपल्या बँका सुरक्षित राहिल्या’ हे वाक्य जसेच्या तसे पुढे चालले आहे, त्याविषयी दोन शब्द लिहिणे मला भाग आहे, कारण मांडवीच्या काठावर बसून पाहणाऱ्याला २००८ निराळे दिसले.

गोव्याचा लोहखनिजाचा माल हलक्या प्रतीचा, तो मुख्यतः चीनला आणि बऱ्याच अंशी रोजच्या बाजारभावाने जात असे. २००८ च्या उन्हाळ्यात भाव चढलेले होते, आणि लीमननंतरच्या दोन-तीन महिन्यांत ते निम्म्याहून खाली आले. पावसाळा संपून हंगाम सुरू व्हायची ती वेळ, आणि नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जेस रिकाम्या नांगरून ठेवलेल्या. परदेशी खरेदीदाराच्या बँकेचे पतपत्र, म्हणजे पैसे देण्याची तिची लेखी हमी, स्वीकारायचे की नाही, यावर आमच्या निर्यातदारांच्या बँका खल करत बसल्या होत्या. एरवी कोणी न वाचणारा तो कागद त्या वर्षी लोक ओळ न् ओळ वाचू लागले.

ते संकट आमच्यापुरते लवकर निवळले, आणि खरा परिणाम मला तिथून पुढे दिसतो. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रेपो दर (बँकांना ती ज्या दराने उसने देते तो) ९ टक्क्यांवरून पावणेपाचवर आणला आणि बँकांचे रोख राखीव प्रमाणही (ठेवींपैकी तिच्याकडे ठेवावा लागणारा भाग) ९ वरून ५ टक्क्यांवर उतरवले. मंदी थोपवण्यासाठी ते आवश्यक होते, याविषयी माझा वाद नाही. पण स्वस्त झालेला पैसा कुठे तरी जाणारच. चीनने आपल्या मंदीवर उपाय म्हणून बांधकामे काढली, खनिजाचा भाव पुन्हा चढला, आणि आमच्या भागात ज्याच्या नावावर एक ट्रक होता त्याला दुसरा आणि तिसरा घेण्यासाठी कर्ज मिळू लागले. मीही जुनी बार्ज असताना दुसरी बांधायला घेतली. बँकेचा माणूस गोदीत येऊन सांगाड्याचे फोटो काढून गेला. हप्ता किती बसेल हे त्याने विचारले, पण खनिज थांबले तर काय, हे त्याने विचारले नाही आणि मलाही ते सुचले नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्याने पुन्हा सारे थांबले. खाणबंदी २००८ मुळे झाली असे मी मुळीच म्हणत नाही. तिची कारणे बेकायदा उत्खननात होती आणि तो वाद इथे नको. मात्र बंदी आली तेव्हा आमच्या डोक्यावर कर्जाचा जो डोंगर होता, तो २००९ नंतरच्या स्वस्त पैशाचा होता.

निवृत्त अधिकाऱ्यांनी अमेरिकेतल्या घरांचे सांगितले, ते वाचताना मला माझी बार्ज आठवली. बँकेला ती तारण म्हणून पक्की वाटत होती, कारण एकट्या मालकाने हप्ते थकवले असते तर दुसरा खरेदीदार उभाच होता. पण सारी नदीच थांबली, तेव्हा विकणारे सगळे आणि घेणारा कोणी नाही अशी स्थिती झाली. अखेर ती पत्र्याच्या वजनावर, भंगाराच्या भावाने गेली. तोडणारे लोक आले तेव्हा नव्या रंगाखाली बांधणाऱ्याने खडूने लिहिलेला क्रमांक तसाच होता. प्रत्येक कर्ज सुटे धरले तर सुरक्षित आणि सगळी मिळून एकाच पुरात, ही जी चूक तिकडच्या मोठमोठ्या बँकांनी केली म्हणतात, ती आमच्या तालुक्यातल्या लहान शाखेनेही केली होती.

उत्तर: सनदी लेखापाल, पणजी

बार्जमालकांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो आणि देशपातळीवरचे आकडेही त्याला दुजोरा देतात. २००८ नंतरच्या उदार कर्जवाटपातून पायाभूत सुविधा, पोलाद आणि वीज या क्षेत्रांत जी कर्जे गेली, ती अनेक वर्षे ‘पुनर्रचित’ या नावाखाली झाकून राहिली. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कर्जांची कसून तपासणी केली, तेव्हा ती उघडी पडली आणि मार्च २०१८ पर्यंत ढोबळ थकीत कर्जांचे प्रमाण ११ टक्क्यांच्या पुढे गेले. त्या मानाने आजचे प्रमाण बरेच खाली आहे, पण मधल्या काळात सरकारी बँकांत सरकारला फार मोठे भांडवल ओतावे लागले. तेव्हा २००८ ने आपल्याला सोडून दिले असे नसून, ते आपल्याकडे सात-आठ वर्षे उशिरा आणि निराळ्या दाराने आले, असे मी म्हणेन.

निवृत्त अधिकाऱ्यांच्या एका विधानाला मात्र पुरवणी जोडायला हवी. नुकसानीचा क्रम त्यांनी भागधारक, मग बेमुदत रोखेधारक, मग ठेवीदार असा सूचित केला आहे. पुस्तकात तो तसाच आहे, व्यवहारात दोनदा तो उलटा झाला. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना पन्नास हजारांपर्यंतच रक्कम काढता येईल असे ठरले. स्टेट बँकेच्या पुढाकाराने पुनर्रचना झाल्यावर १८ मार्चला निर्बंध उठले आणि ठेवीदाराचा एक रुपयाही गेला नाही. पण सुमारे ८,४०० कोटींचे बेमुदत रोखे शून्य करण्यात आले, आणि भागधारकांचे शेअर मात्र, त्यांतला मोठा भाग तीन वर्षे विकण्यास बंदी घालून का होईना, शिल्लक राहिले. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो निर्णय रद्द ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये स्वित्झर्लंडची क्रेडिट स्वीस ही बँक यूबीएसने तीन अब्ज फ्रँकांना घेतली. ती रक्कम भागधारकांना मिळाली, आणि सोळा अब्ज फ्रँकांचे बेमुदत रोखे शून्य झाले. तिथेही वाद न्यायालयांत गेले. सांगायचे इतकेच की २००८ नंतर बांधलेला हा थर करदात्याला वाचवतो हे खरे असले, तरी त्या थरात नेमका कोण उभा आहे याचा विचार विक्रीच्या वेळी झाला नव्हता.

येस बँकेच्या प्रकरणात सामान्य व्यक्तींना हे रोखे जोखीम नीट न सांगता विकले गेले, असा निष्कर्ष काढून सेबी या रोखे बाजाराच्या नियामक संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये बँकेला दंड केला. त्याआधीच, ऑक्टोबर २०२० मध्ये, बेमुदत रोख्यांची किमान खरेदी एक कोटीची करून सेबीने लहान गुंतवणूकदारासाठी हे दार बंद केले होते. म्हणजे बाई, आपल्या यजमानांनी २०१६ साली जे घेतले ते आज आपल्याला कोणी दहा लाखांत विकू शकणार नाही. आपले पैसे परत आले ही समाधानाची गोष्ट आहे, पण ते परत येणे बँकेच्या इच्छेवर होते, हे विसरू नये.

आता पैसे कुठे ठेवावेत याविषयी. बासेल तीनचे नियम व्यापारी बँकांना लागू आहेत, नागरी सहकारी बँकांना नाहीत. त्यांच्यासाठी भांडवलाचे नियम वेगळे आहेत. म्हणून सहकारी बँक वाईट असे होत नाही, पण तिथे आपल्या आधी नुकसान सोसणारा थर पातळ असू शकतो, आणि म्हणून ठेव विम्याचे महत्त्व वाढते. हा विमा काही २००८ ची देणगी नव्हे. १९६० साली केरळातील पालई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर १९६२ मध्ये तो सुरू झाला आणि तेव्हा त्याची मर्यादा दीड हजार रुपये होती. १९९३ पासून ती एक लाखावर अडकून राहिली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर म्हापसा अर्बन बँकेवर २०१५ पासून निर्बंध होते आणि परवाना एप्रिल २०२० मध्ये रद्द झाला. मडगाव अर्बनचा परवाना जुलै २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा सुमारे ९९ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल असे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले होते. पूर्वी परवाना रद्द होईपर्यंत विम्याची वाट पाहत बसावे लागे. सप्टेंबर २०२१ पासून कायदा बदलला असून निर्बंध लागल्यापासून साधारणपणे नव्वद दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची सोय झाली आहे.

पतसंस्थेला मात्र हा विमा नाही. तिथे मंडळाचे अध्यक्ष ओळखीचे असतात, कधी आपलेच विद्यार्थी असतात, व्याजही टक्काभर जास्त असते. तरीही विमा नाही तो नाहीच.

पुन्हा प्रश्न: निवृत्त शिक्षिका, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. बार्जेचे वाचून वाईट वाटले. आमच्या शाळेतल्या कित्येक मुलांचे वडील ट्रकवर होते, आणि २०१२ नंतर फीच्या वहीत जे फरक पडत गेले ते मी माझ्या हाताने लिहिले आहेत.

लेखापाल महोदयांना एकच विचारते. पाच लाखांची मर्यादा प्रत्येक खात्याला आहे की प्रत्येक माणसाला? आमच्याकडे दोन ठेवी माझ्या एकटीच्या, एक यजमानांच्या आणि माझ्या नावे, आणि एक माझ्या व मुलीच्या नावे अशा आहेत, सर्व एकाच बँकेत. मुलगी म्हणते की सगळे एकत्र करून एकच मोठी ठेव करावी, म्हणजे सांभाळायला सोपे.

उत्तर: निवृत्त बँक अधिकारी, मडगाव

लेखापालांची पुरवणी मला मान्य आहे. मी पुस्तकातला क्रम सांगितला, तो अपुरा होता. आपल्या नव्या प्रश्नाचे उत्तर ते देतीलच. मी एवढेच सुचवतो की मुलीने ‘सोपे’ म्हटले तरी एकत्र करण्याची घाई करू नये. आमच्या घरी आजीची एक पोर्तुगीज पावती अजून आहे. तिच्या पाटल्या त्या काळच्या बँकेत गहाण होत्या. मुक्तीच्या आधी गोव्यातले असे गहाण सोने लिस्बनला नेण्यात आले आणि परत यायला १९९१ साल उजाडले. पाटल्या परत आल्या, पण तोवर आजी नव्हती. हे विषयाला थोडे सोडून झाले, क्षमस्व. पावतीवर नाव कोणाचे, याला किती महत्त्व असते ते मी तेव्हा शिकलो, म्हणून लिहिले.

उत्तर: सनदी लेखापाल, पणजी

बाई, मर्यादा प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराला आहे, खात्याला नाही, आणि तिच्यात मुद्दल व व्याज दोन्ही आले. एकाच बँकेच्या फोंडा आणि पणजी अशा दोन शाखांत ठेवी ठेवल्या तरी त्या एकत्रच मोजतात. त्यामुळे आपल्या एकटीच्या नावावरच्या दोन ठेवी मिळून पाच लाख. आपली आणि मुलीची संयुक्त ठेव मात्र वेगळी मोजली जाते, आणि मुलीचे नाव पहिले व आपले दुसरे अशी आणखी एक ठेव केली तर तीही वेगळी, कारण नावांचा क्रम बदलला की ठेव विमा महामंडळ ती स्वतंत्र धरते. साऱ्या ठेवी एका नावावर एकत्र केल्या तर आज मिळणारे हे वेगवेगळे संरक्षण आपण स्वतःच्या हाताने कमी कराल.

यजमानांचे नाव असलेल्या ठेवीचे मात्र लगेच पाहावे. मृत्यूचा दाखला, मूळ पावती आणि आपली ओळखपत्रे घेऊन शाखेत जावे, त्यांचे नाव कमी करून घ्यावे आणि नामनिर्देशनाचा अर्ज नव्याने भरावा. नाव कमी झाले की ती ठेव आपल्या एकटीच्या ठेवींत धरली जाईल, म्हणून त्याच भेटीत बेरीज पाच लाखांच्या पुढे जाते का ते पाहून, जात असेल तर वरची रक्कम मुलीचे नाव पहिले घालून नव्या ठेवीत किंवा दुसऱ्या बँकेत ठेवावी. दाखल्याच्या दोन प्रती साक्षांकित करून न्याव्यात, एक प्रत शाखेत राहते.